कोऱ्या पाटीची किंमत

खरीप हंगामात खताच्या दुकानासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला ‘लिंकिंग’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. युरियाचे पोते हवे असेल तर सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी किंवा एखादी बाटली घेतलीच पाहिजे, अशी अट त्याला घातली जाते. नको असलेली वस्तू हव्या असलेल्या वस्तूच्या शेपटीला बांधून विकण्याच्या या प्रकाराविरुद्ध निवेदने दिली जातात, बातम्या छापून येतात आणि प्रसंगी अधिकाऱ्यांना कारवाईही करावी लागते. परंतु त्याच शेतकऱ्याचा मुलगा महाविद्यालयीन शिक्षणासाठी नवा लॅपटॉप घेतो, तेव्हा त्या व्यवहारातही जवळजवळ हीच जोडविक्री होत असते. तिच्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही.

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरविण्यात आला. या भावाने चाळीस हजार रुपयांच्या लॅपटॉपची किंमत साडेसात क्विंटल सोयाबीन होते. आणि हमीभाव प्रत्यक्ष पदरात पडतोच असे नाही, हे कळंब-उमरग्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. एवढे मोल देऊन घरी आणलेले यंत्र कोऱ्या पाटीसारखे स्वच्छ असावे, ही अपेक्षा वाजवीच म्हटली पाहिजे. प्रत्यक्षात पाटीवर आधीच दुसऱ्यांनी बरेच काही लिहून ठेवलेले असते. महिना-दोन महिने चालणारा अँटिव्हायरस, न मागितलेले खेळ, खरेदीच्या दुकानांचे दुवे, उत्पादकाचे स्वतःचे ‘साहाय्यक’ कार्यक्रम असा हा जामानिमा असतो. यंत्र सुरू होताच त्यांतील अनेक जण जागे होतात, स्मृती अडवितात आणि इंटरनेटचा डेटा खर्ची घालतात. अँटिव्हायरसची मुदत संपली की ‘तुमचे यंत्र असुरक्षित आहे’ अशा लाल अक्षरांतील धमक्या सुरू होतात. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे संरक्षण विनामूल्य असते, ही गोष्ट त्या लाल अक्षरांत कोठेही लिहिलेली नसते.

अनुदान कोण कोणाला देतो?

या प्रकाराचे अर्थशास्त्र गुंतागुंतीचे नाही. सॉफ्टवेअर एकदा तयार झाले की त्याची आणखी एक प्रत काढण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. उलटपक्षी लॅपटॉपच्या धंद्यात स्पर्धा तीव्र आणि नफ्याचे प्रमाण अल्प. साहजिकच उत्पादक आपल्या यंत्रातील मोक्याची जागा इतर कंपन्यांना भाड्याने देतो. घरमालकाने घर विकावे आणि भिंतीवर जाहिराती रंगविण्याचा हक्क मात्र आधीच तिसऱ्याला विकून टाकावा, तसा हा व्यवहार आहे.

यावर उत्पादकांच्या वतीने असे म्हटले जाते की, या उत्पन्नामुळेच यंत्राची किंमत कमी ठेवता येते. या युक्तिवादात तथ्यांश नाही असे नाही. स्पर्धा असेल तेथे या उत्पन्नाचा काही भाग ग्राहकाकडे जातही असेल. परंतु ही सवलत सर्वांना सारखी मिळत असली तरी तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. जाणकार ग्राहक पहिल्याच दिवशी तासा-दोन तासांत यंत्र धुऊन पुसून स्वच्छ करतो. त्याला कमी किंमत मिळते आणि त्रास चुकतो. ज्याला हे ठाऊक नसते, तो भिऊन अँटिव्हायरसची वर्गणी भरतो, मंद यंत्र सोसतो आणि वर्षभरात ‘हे लवकर जुने झाले’ असे समजून नव्याचा विचार करू लागतो. म्हणजे पुण्यातील संगणक अभियंत्याच्या स्वस्त लॅपटॉपचे अनुदान परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या खेड्यातील विद्यार्थी भरीत असतो! अज्ञानावर बसविलेल्या या कराची पावती मिळत नाही, एवढेच.

जुनाच रोग

हा रोग आजचा नव्हे. संगणकासोबत सॉफ्टवेअर ‘फुकट’ देण्याची प्रथा आय.बी.एम. कंपनीने जून १९६९ मध्ये बदलण्याचे जाहीर केले, आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्र किमतीची वस्तू ठरली. पुढे घरगुती संगणकांच्या काळात चक्र उलटे फिरले. उत्पादकाने विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे, त्यात विंडोज असो वा नसो, मायक्रोसॉफ्टला मोबदला द्यावा अशा स्वरूपाचे करार झाले. १९९४ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीने त्यांना आळा बसला.

फुकटची सोबत किती महागात पडू शकते, हे फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आले. लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचा जाहिराती घुसविणारा कार्यक्रम आधीच बसविलेला होता. त्याने ग्राहक आणि संकेतस्थळ यांमधील सुरक्षित संपर्काच्या मध्येच ठाण मांडले होते; बँकेच्या व्यवहारांनाही त्यामुळे धोका निर्माण झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी समझोता केला आणि ३२ राज्यांना ३५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. हे यंत्र चोरबाजारातले नव्हते. नामांकित कंपनीच्या मोहोरबंद खोक्यातून आलेले होते.

आपल्याकडे २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनच्या बाबतीत गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन-उत्पादकांवर आपल्या ॲपांचा संच बंधनकारक करणे हा त्यातील एक प्रमुख आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. जोडविक्रीची चिकित्सा आपल्या कायद्याला अपरिचित नाही, एवढे तरी यावरून दिसते.

पाटी पुसावी कशी?

कायदा जागा होईपर्यंत ग्राहकाच्या हाती एक उपाय आहे: यंत्रातील सर्व काही पुसून मूळ कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, नव्याने बसविणे. हे काम वाटते तितके अवघड नाही आणि बेकायदेशीर तर मुळीच नाही. विंडोजची मूळ प्रत मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. त्यासाठी ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह पुरतो. विंडोजसह विकल्या जाणाऱ्या यंत्रात परवान्याची किल्ली बहुधा मदरबोर्डवरच नोंदलेली असते. त्यामुळे यंत्रासोबत आलेली आवृत्ती ‘होम’ असेल तर ‘होम’च बसविल्यास, इंटरनेट जोडताच परवाना आपोआप ओळखला जातो, पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत. विंडोजमधील ‘रिसेट’ या सोयीवर मात्र विसंबू नये. तिच्यातून उत्पादकाने घातलेले कार्यक्रम पुष्कळदा परत येतात.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. यंत्रासोबत ऑफिसचा परवाना आला असेल तर तो आधी आपल्या खात्याशी जोडून घ्यावा. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्या नमुन्याचे ड्रायव्हर, विशेषतः वायफायचा, पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावेत. नाही तर नवी विंडोज बसते, पण इंटरनेट मिळत नाही आणि गाडी तेथेच अडते. यंत्रात काही साठविले असल्यास त्याची प्रत काढावी, आणि उत्पादकाच्या मूळ स्थितीकडे परतण्याची सोय हवी असेल तर तीही आधीच करून ठेवावी.

ज्यांना विंडोज आवश्यकच नाही त्यांना उबुंटूसारख्या मुक्त प्रणालीचा मार्ग खुला आहे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. केरळने तर शालेय शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा व्यापक वापर करून दाखविला. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लक्षावधी लोक संगणकसाक्षर झाले, ही मोठीच कामगिरी होय. परंतु ती साक्षरता बव्हंशी विंडोज आणि ऑफिसच्या परिघात राहिली. अर्थात काही कार्यालयीन व परीक्षाविषयक सॉफ्टवेअर विंडोजवाचून चालत नाही, हे ध्यानात घेऊनच निवड करावी.

एक मार्ग मात्र निश्चितपणे टाळावा. पैसे वाचविण्यासाठी विंडोजशिवायचा, ‘डॉस’ म्हणून विकला जाणारा लॅपटॉप घ्यायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन-चारशे रुपयांत ‘विंडोज टाकून’ घ्यायची, अशी प्रथा सर्वत्र रूढ आहे. कुलूप तोडून बसविलेल्या अशा प्रतीसोबत आणखी काय आत आले, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. उत्पादकाची जोडविक्री टाळण्यासाठी चोराची जोडविक्री स्वीकारण्यात शहाणपण नाही.

करता येण्यासारखे

विंडोजची मूळ प्रत पाच जीबीहून मोठी आहे. दिवसाला दीड-दोन जीबी डेटावर भागविणाऱ्या खेड्यातील विद्यार्थ्याला तेवढ्यासाठी शहर गाठावे लागते. येथे महाविद्यालयांना सहज हातभार लावता येईल. ग्रंथालयात मूळ प्रतींचे दोन-चार पेनड्राइव्ह ठेवावेत, ते पुस्तकांप्रमाणे नोंद करून द्यावेत, आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सत्राच्या आरंभी आठवडाभर नवी यंत्रे स्वच्छ करून देण्यास मदत करावी. प्रत सर्वांना एकच चालते. परवाना ज्याच्या त्याच्या यंत्रात असतोच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपल्यामुळे अनेक घरांत व कार्यालयांत नव्या खरेदीची निकड निर्माण झाली आहे; म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. शाळा आणि कार्यालयांसाठी होणाऱ्या सरकारी खरेदीच्या निविदांत ‘यंत्रात अन्य कोणतेही सॉफ्टवेअर नसावे’ अशी अट घालण्यास तर एका ओळीपलीकडे खर्च नाही.

राहिला कायदा. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे, या अटीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘प्रतिबंधक व्यापारी प्रथा’ मानले आहे. आगाऊ बसविलेले ‘फुकट’ सॉफ्टवेअर या व्याख्येत बसते काय, यावर वकील वाद घालतील. परंतु एक किमान मागणी निर्विवाद आहे. बिस्किटाच्या पुड्यावर त्यातील घटक छापावे लागतात. मग चाळीस हजारांच्या खोक्यावर आत कोणाकोणाचे सॉफ्टवेअर बसविले आहे, हे का छापू नये? आणि ग्राहकाला हवे असल्यास तेच यंत्र स्वच्छ स्वरूपात, वाटल्यास चार पैसे जास्त घेऊन, का विकू नये? तसे झाले म्हणजे कोऱ्या पाटीची किंमत प्रथमच उघड्यावर येईल. ती मोजायची की नाही, हे मग ज्याचे त्याने ठरवावे. आज ती वसूल होते आहेच. ज्यांना ती ठाऊकही नाही, त्यांच्याकडून.