रजोनिवृत्तीनंतरचा चेहरा : वयाचा वाटा किती, मलमांचा किती?

चवथ जवळ आली की राज्यातील ब्युटी पार्लरांतील गर्दी वाढते आणि फार्मसीच्या काउंटरवरही एक ठरावीक प्रश्न अधिक वेळा ऐकू येतो, 'चेहऱ्यावरचे डाग जातील असे एखादे मलम आहे का?' विचारणारी स्त्री बहुधा पंचेचाळिशी ओलांडलेली असते. गालांवर काळसर छटा, हनुवटीवर दोन-चार राठ केस, ओठांभोवती ओढलेली कोरडी त्वचा आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या साबणानेच अचानक होणारी आग, असे सारे एकदम सुरू झालेले असते. ही तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाणे तिला संकोचाचे वाटते. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला जायचे, असा तो संकोच. मग काउंटरवरून मिळालेली एक छोटी नळी घरी येते. पुढील अनेक महिन्यांच्या त्रासाचा आरंभ कित्येकदा तिथूनच होतो.

सलग बारा महिने मासिक पाळी आली नाही, की वैद्यकशास्त्र त्यास रजोनिवृत्ती म्हणते. पाश्चात्त्य देशांत तिचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांत ती त्याआधीच, सर्वसाधारणपणे ४६-४७ व्या वर्षी येते. मात्र त्वचेतील बदल त्या दिवसाची वाट पाहत नाहीत. पाळी अनियमित होऊ लागते, त्या आधीच्या काही वर्षांतच त्यांची चाहूल लागलेली असते.

या बदलांच्या मुळाशी इस्ट्रोजेन या संप्रेरकाची घट असते. त्वचेच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेश ग्रहण करण्याची सोय असते आणि चेहऱ्याच्या त्वचेत ती विशेष असते. हा संदेश क्षीण झाला की कोलेजन हे तंतुमय प्रथिन तयार होण्याचा वेग मंदावतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलेजन सुमारे ३० टक्क्यांनी घटते आणि त्यापुढे दरवर्षी साधारण दोन टक्क्यांनी घटत राहते, असे अभ्यासांत आढळले आहे. मांडवाचे खांब सैल झाले की वरचे कापड आपोआप झोळ धरते, तसेच काहीसे इथे घडते. चेहऱ्याच्या बाबतीत खांब म्हणजे केवळ कोलेजन नव्हे. त्वचेखालील चरबीचे थर खाली सरकतात आणि जबड्याचे हाडही झिजते. म्हणूनच हनुवटीखाली सुटलेली त्वचा कोणत्याही मलमाने वर चढत नाही, मग त्या डबीची किंमत काहीही असो.

याच काळात त्वचेची पाणी धरून ठेवण्याची शक्ती घटते व तेलग्रंथी मंदावतात. त्वचा कोरडी आणि हळवी होते. दुसरीकडे, इस्ट्रोजेन घटले तरी पुरुषी संप्रेरके त्या प्रमाणात घटत नाहीत. तोल बदलल्यामुळे हनुवटीवर व वरच्या ओठावर केस येतात, तर काहींना जबड्याच्या कडेने पुन्हा मुरुमे उठतात. लेकीच्या आणि आईच्या चेहऱ्यावर एकाच वेळी मुरुमे, हे दृश्य त्यामुळेच घरोघर दिसते.

ऊन आणि डाग

सुरकुत्यांची चर्चा परदेशी जाहिरातींतून आपल्याकडे आली. भारतीय त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने सुरकुत्या तुलनेने उशिरा पडतात. वय आधी दिसते ते डागांतून आणि असमान रंगातून. त्यात गोव्याचे स्थान सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर. एप्रिलच्या अखेरीस व मेच्या आरंभी माध्यान्हीचा सूर्य इथे जवळजवळ नेमका डोक्यावर असतो आणि ऑगस्टच्या मध्याला, पावसाळी ढगांआड, तो पुन्हा तसाच येतो. काजूच्या हंगामात बागायतीत बोंडू वेचणारी, रस्त्याकडेला मासळीची पाटी घेऊन बसणारी किंवा दुपारी स्कूटरवरून बँकेत जाणारी स्त्री हे ऊन वीस-तीस वर्षे अंगावर घेत असते. चाळिशीनंतर दिसणारे डाग ही पुष्कळदा त्या जुन्या उन्हाची उशिरा आलेली पावती असते.

सनस्क्रीन हा यावरील सर्वांत सिद्ध उपाय आहे. मात्र तो बहुधा चुकीच्या पद्धतीने वापरला जातो. वाटाण्याएवढे मलम चेहऱ्यावर फिरवून डबीवर लिहिलेले संरक्षण मिळत नाही. तर्जनी व मधले बोट या दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन चेहरा व मानेसाठी लागते आणि उन्हात असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असावे आणि अतिनील 'अ' किरणांपासूनही संरक्षण असल्याची नोंद असावी, कारण हे किरण ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. वांग असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो. आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा दिलेले सनस्क्रीन त्यामुळे अधिक उपयोगी पडते. आणि घामाने मलम टिकत नसेल, तर छत्री, रुंद कडेची टोपी आणि डोक्यावरून ओढलेला पदर यांना आजही पर्याय नाही.

परंतु प्रत्येक काळा डाग वांग नसतो. याच वयात केस काळे करण्याचा नेम सुरू होतो. बहुतेक केसरंगांत पीपीडी हे रसायन असते. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांतही ते असते. त्याची अॅलर्जी कित्येकदा खाजेच्या रूपात येतच नाही. कपाळाच्या कडा, कानशिले आणि मानेवर ती करड्या-काळ्या रंगाच्या रूपाने हळूहळू उमटते. संबंधित स्त्री त्यावर डाग घालवण्याचे मलम लावत राहते आणि दर महिन्याला केसही रंगवत राहते! कपाळावरील टिकलीची कथाही अशीच. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल हे द्रव्य असू शकते. त्याने टिकलीच्या जागी खाज येते, तर काहींच्या त्वचेतील रंगपेशी मरून तिथे पांढरा डाग राहतो. अशा वेळी टिकली ताबडतोब थांबवणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो. सवाष्णीने टिकली काढायची कशी, हा प्रश्न घरात उभा राहतो हे खरे. परंतु त्वचेचे डॉक्टर सांगतात म्हणून, एवढे उत्तर बहुतेक घरांत पुरते.

नळीतील औषध

काउंटरवरून मिळणाऱ्या त्या नळीत बहुधा तीन द्रव्ये असतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे एखादे स्टेरॉइड. हे मिश्रण मुळात वाईट नाही. वांगावर त्वचारोगतज्ज्ञ ते मोजक्या आठवड्यांसाठी, नजरेखाली ठेवून वापरतात. घोटाळा होतो तो त्याच्या परिणामकारकतेमुळेच. आठ-दहा दिवसांत चेहरा उजळ आणि नितळ दिसू लागतो, शेजारीण विचारते, बहीण नाव लिहून घेते आणि तेच मलम रोजच्या क्रीमप्रमाणे वर्षभर लावले जाते.

स्टेरॉइड त्वचेला पातळ करते. रजोनिवृत्तीने जी त्वचा आधीच पातळ होत चालली आहे, तिच्यावर हा दुहेरी मार असतो. काही महिन्यांत गालांवर लाल रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते, मुरुमे उठतात, बारीक लव वाढते. मलम थांबवले की आग आणि लाली इतकी होते की स्त्री घाबरून पुन्हा तेच मलम लावते. या अवस्थेला भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र नावच दिले आहे आणि तिच्याविरुद्ध त्यांच्या संघटनेने मोहीमही चालविली आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारच्या स्टेरॉइडयुक्त मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध आणले. कागदावर हा निर्बंध आजही आहे. काउंटरवर मात्र चिठ्ठी मागितली जातेच असे नाही. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी कोणतेही नाव नळीवर असेल, तर ते रोजचे क्रीम नव्हे, हे लक्षात ठेवावे. दीर्घकाळ लावले असल्यास ते कसे थांबवायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

ज्या डब्यांवर काहीच लिहिलेले नसते, त्या याहून घातक. गोरेपणाच्या काही मलमांत पारा असतो. तो मेलॅनिनची निर्मिती रोखतो, त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांना बाधतो. २०२३ च्या आरंभी अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींचे प्रकरण उजेडात आले. स्थानिक पार्लरमधून आणलेले मलम वापरल्यानंतर तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली होती आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या मलमात पारा सापडला. त्याच वर्षी केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातूनही अशाच रुग्णांची नोंद झाली. उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली डबी पार्लरवाली कितीही ओळखीची असली तरी घेऊ नये. क्रीम सुरू केल्यानंतर लघवीला फेस येऊ लागला किंवा पायांवर व डोळ्यांभोवती सूज आली, तर क्रीम बंद करून लघवीची तपासणी त्वरित करावी.

मग लावायचे काय?

यादी निराशाजनक वाटावी इतकी छोटी आहे. फेस न करणारा सौम्य क्लीन्झर, ओल्या चेहऱ्यावर लगेच लावलेले ग्लिसरीन वा सेरामाइडयुक्त मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. गोव्याच्या दमट हवेत मॉइश्चरायझर कशाला, असे अनेकींना वाटते. पण वातानुकूलित कार्यालयात आठ तास बसणाऱ्या त्वचेला बाहेरची आर्द्रता मिळत नाही. बारीक सुरकुत्यांवर सर्वांत अधिक पुरावा असलेले औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. ते रात्री, आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढे असे सुरू करावे लागते, सुरुवातीला सालपटे निघतात आणि गुण यायला काही महिने जातात. ते वापरताना चेहऱ्याचे वॅक्सिंग केल्यास त्वचा सोलवटते. पाळी पूर्ण थांबलेली नसेल तर गर्भधारणेची शक्यता उरते आणि गर्भारपणात हे औषध चालत नाही, हेही डॉक्टरांना आधीच सांगितलेले बरे.

घरगुती उपायांत सारेच टाकाऊ नाही. कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे कोकणातील मुठेल किंवा भिरंडेल, फुटलेल्या कोरड्या त्वचेला आजही उत्तम. खोबरेल तेलही कोरड्या त्वचेतील पाणी टिकवते, मात्र मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते नको. लिंबाचा रस लावून उन्हात जाणे म्हणजे डागांना आमंत्रण होय. त्याने ऊन अधिक भाजते आणि काळे चट्टे उठतात. बेसनाने रोज घासणे कोवळ्या वयात खपून जाते. पन्नाशीत ते उरलेसुरले तेलही काढून नेते. कोलेजनच्या पुडीबद्दल सावध आशा बाळगावी, पण घरखर्च बाजूला ठेवून ती घेण्याइतका पुरावा नाही. संप्रेरक उपचारांनी त्वचेची जाडी काही प्रमाणात सुधारते हे खरे, तरीही केवळ चेहऱ्यासाठी ते दिले जात नाहीत. वाफारे आणि घामाचा तीव्र त्रास असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ स्तनाच्या कर्करोगाचा व रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास पाहून त्याचा निर्णय घेतात.

काही खुणा मात्र वयाच्या माथी मारून मोकळे होऊ नये. चेहऱ्याची सूज आणि भुवयांच्या बाहेरच्या टोकाचे केस विरळ होणे हे थायरॉइडकडे बोट दाखवते. मानेवरील काळी, मखमलीसारखी जाड त्वचा मधुमेहाची पूर्वसूचना असू शकते. कपाळावरील केसांची रेषा मागे सरकत भुवयाही जात असतील, तर तो रजोनिवृत्तीनंतर आढळणारा, वेळीच थांबवावा लागणारा वेगळा विकार असण्याची शक्यता असते. चेहऱ्यावरील केस अल्पावधीत झपाट्याने वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर संप्रेरकांची तपासणी पुढे ढकलू नये. महिनाभरात न भरलेला व्रण कोणत्याही वयात दाखवावाच.

बांबोळी येथील गोमेकॉच्या त्वचारोग विभागात जाताना किंवा खासगी डॉक्टरांकडे जाताना सध्या वापरात असलेली प्रत्येक नळी, पार्लरमधून आणलेली डबी, केसरंगाचे खोके आणि टिकल्यांचे पाकीट एका पिशवीत घालून न्यावे. खोकी टाकून दिली असतील तर मलमांची नावे तरी आठवून लिहून न्यावीत, आणि कोणते किती महिने लावले तेही.