पडदा उघडण्याआधी : नांदीची गोष्ट

राजवाड्याच्या आसपासच्या आपल्या मराठी घरांत स्नेहसंमेलनाचे दिवस आले की एक प्रश्न हमखास निघतो, ‘‘वेळ कमी आहे, नांदी गाळली तर?’’ यंदा एका पालकांनी तो विचारला, आणि एका विद्यार्थिनीने त्याहून चांगला विचारला : ‘‘बाई, नांदी असते तरी कशासाठी?’’ तिच्यासाठी हा लेख.

नांदी म्हणजे नाटकाच्या आरंभीचे मंगलगीत. ते संपले की सूत्रधार येतो आणि नाटक कोणते, लिहिले कोणी, हे सांगतो. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त नटी ग्रीष्माचे गाणे म्हणते. सूत्रधार त्यात इतका रंगतो की पुढचे काम विसरतो, आणि म्हणतो, हरणामागे धावणाऱ्या दुष्यंतासारखी माझी गत झाली. तेवढ्यात खरोखरीच दुष्यंत रंगभूमीवर येतो! ‘मालविकाग्निमित्रा’त तर सूत्रधार नव्या कवीची वकिली करतो : जुने म्हणून चांगले आणि नवे म्हणून वाईट, असे समजू नका. अखेरीस येते भरतवाक्य, म्हणजे सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले. त्यांच्या खेळांत आरंभी सूत्रधार, विदूषक, गणपती आणि सरस्वती येत. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आणले. त्याची नांदी आजही नाट्यसमारंभांत उभे राहून ऐकली जाते. पुढे वास्तववादी नाटके आली आणि नांदी मागे पडली. तरी 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तेंडुलकरांनी सुरुवातीला गणपती नाचवलाच.

आता थोडे परदेशात जाऊ. अठराव्या शतकातल्या लंडनमध्येही नाटकाआधी एक पद्य आणि नंतर एक पद्य म्हणण्याची रीत होती. तिथे मात्र देवाला नव्हे, प्रेक्षकांना विनवणी असे. त्यालाही कारण होते. नव्या नाटकाच्या तिसऱ्या प्रयोगाचे उत्पन्न लेखकाला मिळे. पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी आरडाओरडा करून नाटक पाडले तर लेखकाच्या हाती काय लागणार? म्हणून ओळखीच्या मोठ्या कवीकडून पद्य लिहवून घेत. ॲडिसनच्या ‘केटो’साठी (1713) पोपने लिहिले, तर ड्रूरी लेन नाट्यगृहाच्या 1747 च्या हंगामासाठी डॉ. जॉन्सनने. गोल्डस्मिथच्या 1773 च्या विनोदी नाटकाचे आरंभीचे पद्य गॅरिकने लिहिले. ते म्हणायला वुडवर्ड हा नट काळे सुतकी कपडे घालून आला, का तर विनोदी नाटक मरायला टेकले आहे म्हणून! शेवटचे पद्य बहुधा नटी म्हणे, तेही शोकांतिकेनंतर चक्क थट्टेच्या सुरात. हे मला तरी जरा विचित्रच वाटते.

तर मुलांनो, नांदीच्या त्या मिनिटांत बाहेर रेंगाळणारी माणसे आत येतात, खुर्च्यांची कुरकुर थांबते आणि पडद्यामागे धडधडणारी तुमची छाती जरा शांत होते. आणखी एक गोष्ट पालकांसाठी. आपल्यातली पुष्कळ मुले खेळाच्या मैदानावर आणि वर्गात एकमेकांशी हिंदीतच बोलतात. पण नांदी त्यांना तोंडपाठ असते, अगदी ळ आणि ण सकट.

वेळच वाचवायचा असेल तर आम्हा मोठ्यांची भाषणे कमी करावीत. विश्वस्त मंडळींनी रागावू नये. आणि यंदाचे भरतवाक्य नववीच्या वर्गाने स्वतः लिहावे, चार ओळींचे. चाल संगीताच्या बाई लावून देणार आहेत. कागद शनिवारपर्यंत त्यांच्याकडे द्यावेत.