गळकं धरण आणि गढूळ पाणी

‘ताई, धरण गळतंय, फुटणार नाही ना?’ फील्डवर्कला गेले की हा प्रश्न ठरलेला. खरं तर मातीचं प्रत्येक धरण थोडंफार झिरपतंच. पाणी नितळ असेल, प्रमाण वाढत नसेल, तर सहसा घाबरायचं कारण नाही. गढूळ यायला लागलं की मात्र समजावं, भरावातली माती वाहून चाललीय. आतल्या आत एक नळी तयार होते आणि ती जलाशयाच्या दिशेने मागे मागे सरकत जाते. एकदा ती पाण्याला भिडली की हातात वेळ फार थोडा उरतो.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. (मंत्र्यांनी खेकड्यांवर फोडलेलं खापर आठवत असेलच!)

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने १५ मीटरपेक्षा उंच धरणांच्या, आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींच्या, मालकाला दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केलीय. पण आपल्याकडे बहुतेक धरणांचा मालक कोण? सरकारच. आणि देखरेख करणारी नाशिकची धरण सुरक्षा संघटना? तीही जलसंपदा खात्यातलीच. म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकाच घरातले.

म्हणून मला कायद्यातली दुसरी तरतूद जास्त महत्त्वाची वाटते: स्वतंत्र तज्ज्ञांकडून धरणाचं सर्वंकष मूल्यमापन. कायदा ३० डिसेंबर २०२१ ला लागू झाला आणि पहिल्या मूल्यमापनाला मुदत आहे पाच वर्षांची.