दगडांची डिग्री आणि दुकानाची गादी

आमच्या मेव्हण्याचा मुलगा भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला. बाप म्हणाला, "दगडधोंड्यांची डिग्री काय कामाची? उद्यापासून गादीवर बस." दोघेही सल्ल्यासाठी आमच्याकडे आले. आम्ही कापडवाले, पण दगडाने आम्हालाही एकदा धडा शिकवला आहे.

रंगखान्यासाठी आम्ही एका पाणाड्याच्या भरवशावर दोन बोअर मारले. पहिला कोरडा गेला. दुसऱ्याचे पाणी इतके जड, की कापडावर रंग डागाडागाने बसू लागला. मग भूजलाच्या एका जाणकाराला बोलावले. त्याने आसपासच्या विहिरींची खोली विचारली, नाला कुठून वाहतो ते पाहिले. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. पाणी असते ते झिजलेल्या भागात आणि भेगांत, सलग दगडात नाही. तिसरा बोअर आम्ही जिथे घेणार होतो तिथे तो साफ नको म्हणाला. त्याची फी आम्ही घासाघीस न करता दिली. व्यापाऱ्याच्या बाबतीत ही मामुली गोष्ट नव्हे!

अशा माणसांना वाटा बऱ्याच आहेत. १८५१ साली स्थापन झालेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्यासाठी लोकसेवा आयोग जिओ-सायंटिस्ट परीक्षा घेतो. त्यासाठी एम.एस्सी. लागते; बी.एस्सी.वर थांबणाऱ्याला हे दार बंद. राज्यात १९७२ पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. विदर्भात कोळसा व मँगनीजच्या खाणी आहेत. धरण, बोगदा, मेट्रो, कुठेही आधी खडक तपासावा लागतो.

आणि खडकाशी संबंध नसला तरी हुनर वाया जात नाही. चार ठिकाणच्या बोअरचे नमुने पाहून मधल्या जमिनीत काय असेल याचा अंदाज बांधणे, हे याचे रोजचे काम. आम्हीही वीतभर तुकड्यावरून गाठीचा सौदा करतो, पण आम्हाला गाठ उघडून पाहता येते. त्याला जमीन उघडता येत नाही. नकाशा वाचणे, उपग्रहाची चित्रे आणि संगणकी नकाशे यांवर काम करणे, उन्हात फिरून संध्याकाळी नीट अहवाल लिहिणे, याला नगररचना, पर्यावरण तपासणी, रत्नपारख अशा धंद्यांत मागणी आहे.

मेव्हण्याने अजून हो म्हटलेले नाही. मुलाने मात्र एम.एस्सी.साठी आय.आय.टी.च्या 'जॅम' परीक्षेचा अर्ज भरला. फी आमच्या गल्ल्यातून गेली, हे त्याच्या घरी ठाऊक नाही. आता छापून आल्यावर कळेलच.