वीरियसमता : श्रम आणि कार्यक्षमता यांचा मेळ

एप्रिल महिना आला की अनेक विहारांत व वसतिगृहांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम योजला जातो. परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत स्तुत्यच आहे. गोंगाटापेक्षा ग्रंथ केव्हाही बरा. परंतु काही तरुण उपासक हाच आकडा वर्षभराचे माप म्हणून स्वीकारतात. कचेरीतून परतल्यावर रात्र रात्र जागतात, आणि काही महिन्यांतच अभ्यास सुटतो व नोकरीतील कामही बिघडते, असे आमच्या पाहण्यात आले आहे. दोष त्यांच्या निष्ठेचा नव्हे, मापाचा आहे. म्हणून या विषयाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात आणि विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूचा प्रसंग आला आहे. चंपा नगरीतील धनिकाचा हा अतिसुकुमार पुत्र. प्रव्रज्येनंतर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने इतके चंक्रमण केले की तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तरीही चित्त मुक्त होईना. घरी परतून संपत्तीचा उपभोग घ्यावा व पुण्य करावे, असा विचार त्याच्या मनात आला. भगवंतांनी त्याला आणखी कष्ट करण्यास सांगितले नाही. गृहस्थाश्रमात तो वीणावादनात कुशल होता. म्हणून त्यांनी त्याला वीणेच्या तारांविषयीच विचारले. तार फार ताणली तर वीणा वाजते काय? फार सैल सोडली तर? दोन्ही वेळा उत्तर नकाराचे आले. अति वीर्याने उद्धच्च म्हणजे चित्ताची अस्वस्थता उपजते आणि अति शैथिल्याने कोसज्ज म्हणजे आळस, असे सांगून त्यांनी ‘वीरियसमता’ साधण्याचा उपदेश केला.

या उपदेशाचा अर्थ ‘बेताचेच काम करावे’ असा काही जण लावतात, तो आम्हांस मान्य नाही. सुरात लागलेली तारही ताणलेलीच असते. शिवाय ती एकदा लावून भागत नाही. हवा बदलली की उतरते, पुन्हा जुळवावी लागते. कार्यक्षमतेचेही तसेच आहे. एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागणे, हिशेबात वरचेवर चुका होणे, सहकाऱ्यावर विनाकारण चिडणे ही तार अति ताणल्याची लक्षणे होत. अशा वेळी आणखी एक तास बसण्यापेक्षा निजणे हेच सम्यक् होय. उलट बाजूची लक्षणे सिगालोवाद सुत्तात नोंदली आहेत : फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार लवकर आहे, फार उशीर झाला, फार भूक लागली, पोट फार भरले. कचेरीत वावरणाऱ्या वाचकांस ही यादी ओळखीची वाटेल.

सम्यक् व्यायामाच्या चार अंगांपैकी दोन येथे विशेष उपयोगी आहेत. नवे कुशल उत्पन्न करणे ही भावना. उत्पन्न झालेले टिकवणे हे अनुरक्खण. नवी विद्या हस्तगत करण्याच्या भरात आधी जडलेली चांगली सवय मोडत असेल, तर ती प्रगती नव्हे.

बाबासाहेबांचे काय, असा प्रश्न येथे उचितच आहे. त्यांच्या परिश्रमांना परिस्थितीचा रेटा होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये पुन्हा गेल्यावर प्रत्येक दिवस मोलाचा होता. पुढे घटनेचा मसुदा तयार होताना समितीच्या ७ सदस्यांपैकी बहुतेकांचे साहाय्य या ना त्या कारणाने लाभले नाही आणि भार अखेर बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलून दाखविले. तेव्हा मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते.

आणि इतरांच्या श्रमाविषयी त्यांची भूमिका कोणती होती? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९३४ च्या कारखाना कायद्याप्रमाणे बारमाही कारखान्यांत आठवड्याची मर्यादा ५४ तासांची होती. ती ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, आणि तिचे विधेयक मांडले बाबासाहेबांनी. अठरा तासांचा दाखला देऊन हाताखालच्या माणसांना राबविणाऱ्यांनी (असे अधिकारी आपल्यातही आहेत) हा इतिहास वाचावा.

सोणाच्या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. वीणेचा उपदेश आचरून तो अर्हत झाला. त्यानंतर त्याच्या कोमल पायांसाठी भगवंतांनी त्याला एकपदरी पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा देऊ केली. एवढे वैभव सोडून आलेला सोण आता पादत्राणांत गुंतला, असे लोक म्हणतील. संघाला अनुज्ञा मिळाली तर मीही वापरीन, नाहीतर नको, असे सोण म्हणाला. तेव्हा भगवंतांनी ती अनुज्ञा सर्व संघाला दिली.