एकच ताट

गेले तीन आठवडे मी एकाच फाइलवर बसलोय. बदलापूर गावात, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. तिथल्या माडीवर पर्लमधल्या आमच्या वेब लायब्ररीचा बेस क्लास लिहितोय. रिक्वेस्ट, सेशन, टेम्प्लेट, पुढचा प्रत्येक क्लास याच्याच पोटी जन्मणार.

लॅरी वॉल यांच्या पर्लमध्ये १९९४च्या पाचव्या आवृत्तीपासून ऑब्जेक्ट आले, तेही फार साधेपणाने. क्लास म्हणजे पॅकेज, मेथड म्हणजे सबरूटीन. एखादा हॅश घेऊन ‘ब्लेस’ केला की झाला ऑब्जेक्ट. बाकीची शिस्त ज्याची त्याने लावायची, आणि बेस क्लासचं खरं काम तेच.

हा क्लास मी दुसऱ्यांदा लिहितोय. पहिल्या खेपेचा वापरून उल्हासनगरच्या एका जीन्स व्यापाऱ्यासाठी ऑर्डरचा फॉर्म केला होता. एका सकाळी त्यांचा फोन आला: एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरमध्ये दुसऱ्याचाच माल दिसतोय. दोन रात्री शोधलं. चूक एका ओळीत सापडली. ‘आयटम्स’ची सुरुवातीची किंमत म्हणून मी रिकामा अ‍ॅरे दिला होता, नुसती चौकटी कंसांची जोडी. ती ओळ क्लास लोड होताना एकदाच चालते. म्हणजे अ‍ॅरे एकच आणि सगळे ऑब्जेक्ट त्याच्याकडेच बोट दाखवणारे. मी सगळ्यांना एकाच ताटात वाढत होतो.

आधी हे का दिसलं नाही? सीजीआय या जुन्या पद्धतीवर होतो तोवर प्रत्येक रिक्वेस्टला नवी प्रोसेस जन्मायची आणि काम झालं की मरायची. तिच्याबरोबर चूकही जायची. प्लॅक या पर्लच्या वेब टूलकिटवर गेल्यावर प्रोसेस जगत राहिली आणि आधीच्या गिऱ्हाइकाचं खरकटंही.

आता अ‍ॅरेऐवजी सबरूटीन घेतो. ऑब्जेक्टने पहिल्यांदा मागितलं की ते चालतं आणि त्याचं त्याला नवं ताट मिळतं. मोजोलिशस या पर्लच्या वेब फ्रेमवर्कचा बेस क्लास तर थेट अ‍ॅरे दिला की तिथल्या तिथे चूक दाखवून थांबतो. मीही तसंच केलंय. ही अडवणूक मला फार मोलाची वाटते, कारण उद्या ही लायब्ररी वापरणाऱ्या मुलाला माझ्या त्या दोन रात्री ठाऊक नसतील.

न सापडलेल्या मेथडची हाक झेलणारं ‘ऑटोलोड’ही काढून टाकलं. त्याने अ‍ॅक्सेसर लिहिण्याचे कष्ट वाचायचे खरे, पण मेथडच्या नावात अक्षर चुकलं तरी ते निमूट झेलायचं. ऑब्जेक्ट संपताना येणारी ‘डिस्ट्रॉय’ची हाकसुद्धा तिथेच येऊन पडायची. नोंदी ठेवणारा लॉगरही बेस क्लासमधून बाहेर काढला. टेम्प्लेटला त्याची गरज नाही, मग जन्मतःच ते ओझं कशाला?

काल संध्याकाळी टेस्ट लिहिली. दोन ऑर्डरी तयार केल्या, पहिलीत एक जीन्स टाकली आणि दुसरीतले आयटम मोजायला सांगितले.

शून्य आलं.