कराटेच्या वर्गातला त्रासदायक जोडीदार: सहन करायचे, सांगायचे की सोडून द्यायचे?

भोकरदन आणि आसपासच्या गावांतून मुलांना कराटे, ज्युदो, तायक्वांदो किंवा कुस्ती शिकायला पाठवणे आता नवलाईचे राहिलेले नाही. मुलींसाठी तर समग्र शिक्षा योजनेतून शाळेतच स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते. आपल्या समाजातले आईवडीलही हौसेने गणवेश घेतात, फी भरतात. पण दोन-तीन महिन्यांत यातली काही मुले गळतात. कारण विचारले तर "पाय दुखतो", "अभ्यास राहतो" अशी उत्तरे मिळतात. जरा खोदून विचारले की अनेकदा एक नाव बाहेर येते. ते सरांचे नसते, ज्याच्याबरोबर जोडी लावली जाते त्या मुलाचे असते.

शहरात असे झाले तर पालक सरळ दुसरा वर्ग शोधतात. आपल्याकडे दुसरा वर्ग म्हणजे जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगरची एसटी, म्हणजे शिकणे बंदच. त्यामुळे वर्ग न सोडता जोडीदाराशी कसे वागायचे, हे डावपेचांइतकेच शिकून घ्यावे लागते. ते शिकवता येते, असे आमचे ठाम मत आहे.

आधी जोडीदार म्हणजे काय ते समजून घेऊ. कुस्तीच्या तालमीत वस्ताद वजन, वय आणि तयारी पाहून जोड लावतो. कराटे-ज्युदोतही एकट्याने हातपाय हलवून फार पुढे जाता येत नाही. कुणीतरी आपले मनगट, आपली मान, आपला तोल तुमच्या हाती द्यावा लागतो आणि थोड्या वेळाने तुम्ही तो त्याला परत द्यायचा असतो. हा विश्वासाचा व्यवहार आहे. समोरचा उसना घेतलेला देह जपून वापरत नसेल तर व्यवहार मोडतो.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनाही असा जोडीदार भेटला होता. अंगाने किरकोळ, शाळेत दांडगटांचा मार खाल्लेला हा मुलगा टोकियोत जुजुत्सू शिकू लागला, तेव्हा वर्गात फुकुशिमा नावाचा धिप्पाड जुना विद्यार्थी होता. कानोंना तो काही केल्या आवरत नसे. त्यांनी आधी सुमोचे डाव करून पाहिले, ते चालले नाहीत. मग ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली आणि माणसाला खांद्यांवर आडवे उचलून टाकण्याचा एक डाव बसवला. त्यावर फुकुशिमा पडला. तोच डाव पुढे ज्युदोत 'काता-गुरुमा' म्हणून रूढ झाला. 1882 साली कानोंनी स्वतःची शाळा काढली ती एका बौद्ध मंदिराच्या आवारात, एइशोजी येथे. आपला आणि दुसऱ्याचा उत्कर्ष बरोबरीने व्हावा, हे तत्त्व त्यांनी पुढे आपल्या विद्येच्या मुळाशी ठेवले.

ही गोष्ट सांगून "बघ, तूही टिकून राहा" असा उपदेश मुलांना करण्याचा मोह होतो. तो आवरावा. फुकुशिमा कानोंना भारी पडत होता, एवढेच. जोडीदार भारी असणे वेगळे आणि त्रासदायक असणे वेगळे. भारी जोडीदाराकडून शिकायला मिळते. मूल तक्रार करते तेव्हा यातले नेमके काय आहे, हे आधी विचारून घ्यावे.

त्रासाचे प्रकारही सारखे नसतात. कुणी डाव लागूच देत नाही. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून आधीच अंग ताठ करून उभा राहतो आणि वर "तुला जमत नाही" म्हणतो. कुणी स्वतः पांढऱ्या पट्ट्यावर असताना प्रत्येक हालचालीला मास्तरकी करतो. कुणाची नखे वाढलेली असतात, कुणाच्या अंगावर गजकर्ण असते आणि ते मॅटवरून चार जणांना होते. हे त्रास खरे आहेत, पण सरांच्या एका वाक्याने सुटण्यासारखे आहेत.

खरी काळजी करायची ती जोर न आवरणाऱ्याची. तो मुद्दाम करतो असेच नाही. कित्येकदा तो घाबरलेला नवशिका असतो, भीतीपोटी सगळी ताकद लावतो. पण मान आणि डोके यांना कारणाशी देणेघेणे नसते. जपानसारख्या ज्युदोच्या माहेरी 1983 पासूनच्या तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभरहून अधिक विद्यार्थी दगावले. त्यांत डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव झालेले बरेच होते आणि नवशिक्यांचे प्रमाण मोठे होते. पडायचे कसे हे अंगवळणी पडण्याआधीच ही मुले जोरात आपटली जात होती. दगावलेल्या मुलांच्या पालकांनी संघटित होऊन प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे देशभर चर्चा झाली. तिथे प्राथमिक शाळेच्या वयात गळा आवळण्याचे आणि सांधा पिळण्याचे डाव स्पर्धेत चालत नाहीत.

म्हणून दोन नियम मुलाला घरीच पाठ करून द्यावेत. पहिला, दुखण्याआधी थोपटायचे. जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर हात दोनदा थोपटला की समोरच्याने त्या क्षणी सोडायचे, हा या विद्यांमधला सर्वमान्य संकेत आहे. थोपटणे म्हणजे हार नव्हे. थोपटूनही जो सोडत नाही त्याच्याबरोबर त्या दिवशी पुन्हा उभे राहायचे नाही आणि सरांना लगेच सांगायचे. दुसरा नियम पालकांसाठी. डोके आपटल्यानंतर डोकेदुखी, उलटी, अवेळी झोप किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर बाम चोळत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. त्या दिवशी पुन्हा सराव नाहीच.

आता सांगायचे कसे, हा अवघड भाग. आपली मुले एकतर गप्प बसतात नाहीतर एकदम भांडतात, कारण मधला रस्ता त्यांना कुणी दाखवलेला नसतो. विनयपिटकात दुसऱ्याचा दोष दाखवू इच्छिणाऱ्या भिक्खूने आधी स्वतःला तपासावे म्हणून पाच गोष्टी सांगितल्या आहेत: योग्य वेळी बोलेन, खरे तेच बोलेन, सौम्यपणे बोलेन, त्याच्या हिताचे बोलेन आणि मनात मैत्री ठेवून बोलेन. हे मॅटवर जसेच्या तसे लागू पडते. योग्य वेळ म्हणजे जोडी लागताच, पहिला डाव सुरू होण्याआधी. "दादा, मी नवीन आहे, हळू घे." एवढे पुरे. मध्येच जोर वाढला तर थांबून, "मनगट पिळताना थोडं सावकाश, काल दुखलं होतं." खरे तेच सांगायचे, म्हणजे "तू नेहमी मारतोस" असे न म्हणता काल काय झाले तेवढेच सांगायचे. सगळ्यांसमोर त्याची फजिती करायची नाही. इतके सांगूनही फरक पडला नाही तर गोष्ट सरांकडे न्यायची. ती चुगली नव्हे, हे मुलाला आईवडिलांनीच स्पष्ट सांगायला हवे.

याहून मोठी सोय आपल्याच परंपरेत आहे. वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर मला सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. थेरही त्यातून सुटत नाहीत. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, सांचीच्या दानलेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख आहे. तेव्हा पवारणा हा शब्द या मातीला परका नसावा. वर्गात महिन्यातून एकदा सर्वांनी गोल बसून "माझ्याबरोबर सराव करताना तुला काय खटकतं?" असे आपापल्या जोडीदाराला विचारले, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील असे आम्हाला वाटते. सुरुवात सरांनी स्वतःपासून करावी.

कारण शेवटी जबाबदारी शिकवणाऱ्याचीच. जोड्या दर काही मिनिटांनी बदलणे, वजनात मोठा फरक असेल तर जोड न लावणे, दांडगटाला चांगल्या तयारीच्या मुलासमोर उभे करणे, हे सगळे त्यांच्या हातात असते. "इथं रडायचं नाही" म्हणून विषय मिटवणारा शिक्षक दांडगटालाच पाठबळ देतो.

काही गोष्टींना मात्र 'त्रासदायक जोडीदार' हे नावच देऊ नये. जोडी लागल्यावर हात धरायला नकार देणे, जातीवरून टोमणा मारणे, बाबासाहेबांच्या किंवा बुद्धांच्या नावाने चिडवणे. इथे वर सांगितलेली पायरी-पायरीची रीत लागू नाही. त्याच दिवशी पालकांनी शिक्षकाला भेटावे, वर्ग शाळेत भरत असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्यावे आणि घडलेले शब्द, तारीख, हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमानित करणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही ही ओळख आणि संरक्षण मिळाले आहे. समोरचा अठरा वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. प्रत्येक वेळी ठाण्यात जावेच असे आम्ही म्हणत नाही. बारा वर्षांचे पोर घरात ऐकलेलेच बोलत असते आणि दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवून बोलल्याने पुष्कळ काम होते. पण कायदा आहे हे शिक्षकाला माहीत असले की तो ऐकून सोडून देत नाही.

डावाच्या निमित्ताने नको तिथे होणारा स्पर्श हाही असाच विषय. मुलीने किंवा मुलाने "मला त्याच्यासोबत जोडी नको" म्हटले तर आधी जोडी बदलावी, कारण नंतर विचारावे. स्पर्श करणारा शिक्षक असो वा विद्यार्थी, पोक्सो कायदा 2012 लागू होतो आणि 1098 या क्रमांकावर मदत मागता येते.

नवीन वर्ग लावताना पालकांनी फी विचारण्याआधी एक तास कोपऱ्यात बसून सराव बघावा. भिंतीवरची पदके पाहू नयेत. कुणीतरी मूल थोपटेल त्या क्षणी समोरचा किती पटकन सोडतो आणि सरांची नजर तेव्हा कुठे असते, ते पाहावे.